चार सभांच्या दारी गेलेला कायदा

‘एक देश, एक कायदा’ हे शब्द आपल्याकडे इतक्या वेळा आणि इतक्या चढ्या आवाजात बोलले जातात की त्यावर शांतपणे विचार करायला जागाच उरत नाही. कुणी ते धमकीसारखे उच्चारतो, कुणी ऐकताक्षणीच धास्तावतो. म्हणून या विषयावर लिहिताना मी मुद्दाम लांब गेलो. इतका लांब, की तिथे बाजू घ्यायला किंवा दुखावले जायला आपल्यापैकी कुणी नाही. ती जागा म्हणजे तेराव्या शतकातले नॉर्वे. तिथल्या एका राजाने चार प्रांतांचे चार कायदे बाजूला ठेवून सगळ्या मुलखासाठी एक कायदा केला आणि तो चारशेहून अधिक वर्षे टिकला. हे त्याला कसे जमले, त्यातून काय वगळावे लागले आणि त्याची किंमत कुणी मोजली, हे पाहण्यासारखे आहे.

आधी मुलूख समजून घेऊ. नॉर्वे म्हणजे डोंगर आणि फियॉर्ड. फियॉर्ड म्हणजे समुद्राचे आत घुसलेले चिंचोळे फाटे. आपल्या कोकणातल्या खाड्यांसारखेच, पण दोन्ही बाजूंना उभे कडे. एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जायचे तर होडी नाहीतर घाट. अशा मुलखात राजा एक असला तरी कायदा एक असणे अवघडच. देशाचे चार मोठे भाग होते आणि प्रत्येकाची स्वतःची सभा होती. या सभेला तिथे ‘तिंग’ म्हणत. पश्चिम किनाऱ्यावर गुलातिंग, उत्तरेकडे ट्रॉन्डहाइमच्या परिसरात फ्रोस्तातिंग, पूर्वेच्या आतल्या खोऱ्यांसाठी आइडसिवातिंग आणि आजच्या ऑस्लोच्या फियॉर्डभोवती बोर्गारतिंग. या सभेत शेतकऱ्यांचे प्रतिनिधी जमत, तंटे ऐकत आणि कायदाही तिथेच ठरे.

हा कायदा मुळात लिहिलेला नव्हता, तो जाणत्यांच्या तोंडी असायचा. कायदा जाणणारी माणसे सभेपुढे तो बोलून दाखवत, लोक ऐकत. पुढे अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमारास तो लिहून काढायला सुरुवात झाली. गुलातिंग आणि फ्रोस्तातिंगचे जुने कायदे आज बऱ्यापैकी पूर्ण उपलब्ध आहेत. उरलेल्या दोघांचे फक्त धर्मविषयक भाग वाचले. हे धर्मविषयक भाग लक्षात ठेवा, त्यांच्याकडे पुन्हा यायचे आहे.

या जुन्या कायद्यांचा पाया होता कुळ. एखाद्याने खून केला तर भरपाई एकट्या खुन्याने द्यायची नसे. त्याचे भाऊ, चुलते, चुलतभाऊ, लांबचे नातलग, सगळ्यांच्या वाट्याला ठरलेली रक्कम येई. आणि ती रक्कम मेलेल्याच्या तितक्याच लांबच्या नातलगांत वाटली जाई. कुणी कुणाला किती द्यायचे याच्या लांबलचक याद्या गुलातिंगच्या कायद्यात आहेत. वरवर पाहता ही पद्धत सुडाला आळा घालण्यासाठी होती. प्रत्यक्षात ती भांडण वाढवायची. एकाने केलेल्या खुनामुळे दोन आख्खी घराणी एकमेकांच्या हिशेबात अडकत. शिवाय सुडासाठी खुनीच गाठला पाहिजे असेही नव्हते. त्याच्या घराण्यातला सगळ्यात भला माणूस मारला की सूड अधिक गोड लागायचा.

त्यात भर पडली यादवीची. ११३० पासून पुढची सुमारे शंभर वर्षे नॉर्वेत गादीसाठी लढाया चालू होत्या. राजाचा कुठलाही मुलगा, औरस असो वा अनौरस, गादीवर हक्क सांगू शकत होता आणि प्रत्येक प्रांताची सभा आपापला राजा निवडू शकत होती. हा गोंधळ संपवला हाकोन हाकोनसनने. तो १२१७ मध्ये लहान वयात गादीवर आला आणि १२४० मध्ये त्याने शेवटचे मोठे बंड मोडले. १२४७ मध्ये त्याच्या राज्याभिषेकासाठी पोपचा प्रतिनिधी आला. खरे-खोटे ठरवायला तापलेले लोखंड हातात धरायला लावण्याची पद्धत याच भेटीत बंद झाली. १२६० मध्ये हाकोनने फ्रोस्तातिंगच्या कायद्यात दुरुस्ती करून खुनाची भरपाई नातलगांवरून काढली. ज्याने खून केला त्यानेच ती भरायची. तीन वर्षांनी, १२६३ मध्ये, स्कॉटलंडच्या मोहिमेवरून परतताना तो ऑर्कनी बेटांवर वारला.

त्याचा मुलगा मॅग्नस हा आपल्या लेखाचा नायक. त्याचा जन्म १२३८ चा. गादीवर आला तेव्हा वय पंचविशीचे. त्याने पहिले मोठे काम केले ते लढाई थांबवण्याचे. १२६६ मध्ये पर्थ इथे तह करून त्याने हेब्रिडीज बेटे आणि आइल ऑफ मॅन स्कॉटलंडला देऊन टाकली. बदल्यात चार हजार मार्क आणि दरवर्षी शंभर मार्क घ्यायचे ठरले. बापाने ज्या बेटांसाठी जीव गमावला ती मुलाने सोडली, हे काहींना नक्कीच खटकले असेल. पण मॅग्नसला इतिहासाने जे नाव दिले ते लढाईमुळे नाही. नॉर्वेत त्याला ‘लागाबोते’ म्हणतात, म्हणजे कायदा दुरुस्त करणारा. नाव नीट पाहा. कायदा देणारा किंवा घडवणारा असे ते नाव नाही. फाटलेले, उसवलेले नीट करणारा, असा त्याचा अर्थ आहे.

मॅग्नसने सगळा कायदा एका फटक्यात बदलला नाही. १२६७ मध्ये त्याने गुलातिंगचा कायदा सुधारून घेतला, १२६८ मध्ये पूर्वेकडच्या दोन्ही सभांचा. १२६९ मध्ये तो फ्रोस्तातिंगपुढे गेला आणि तिथे गाडी अडली.

अडवली ती नव्या आर्चबिशपने. त्याचे नाव योन राउदे. त्याचे म्हणणे असे होते की बाप्तिस्मा, लग्न, उपास, सणवार, दफन या गोष्टी चर्चच्या आहेत, त्यावर कायदा करायचा अधिकार राजाला नाही आणि शेतकऱ्यांच्या सभेलाही नाही. आजवर हे विषय प्रत्येक प्रांताच्या कायद्याचे पहिलेच प्रकरण असत आणि ते सभेतच ठरत. आता चर्च ते प्रकरण आपल्याकडे मागत होते. शेवटी फ्रोस्तातिंगने राजाला परवानगी दिली ती अर्धी. ऐहिक बाबींत आणि राजसत्तेच्या बाबींत राजाने कायदा हवा तसा सुधारावा, पण धर्माच्या बाबी त्यात नसतील.

मॅग्नसकडे सैन्य होते. बापाने यादवी मोडून दिलेली भक्कम गादी होती. तरी त्याने ही अर्धी परवानगी स्वीकारली आणि जेवढ्याला संमती मिळाली तेवढ्याचेच काम हाती घेतले. मला या सगळ्या हकिगतीतले हे वळण सर्वांत महत्त्वाचे वाटते.

पाच वर्षांनी, १२७४ मध्ये, नवे पुस्तक तयार होऊन फ्रोस्तातिंगपुढे वाचले गेले आणि तिथे मंजूर झाले. पुढे ते गुलातिंगपुढे गेले आणि १२७६ पर्यंत पूर्वेकडच्या सभांनीही ते स्वीकारले. यालाच ‘लांदस्लोव’ म्हणतात, म्हणजे देशाचा कायदा. पण गंमत अशी की त्या काळच्या हस्तलिखितांत हे एकच पुस्तक चार नावांनी येते. गुलातिंगच्या प्रतीत राजा गुलातिंगच्या लोकांना सलाम पाठवून सांगतो की हा तुमचा कायदा आहे. फ्रोस्तातिंगच्या प्रतीत तेच फ्रोस्तातिंगच्या लोकांना. मजकूर जवळपास शब्दशः एक, पण ज्याच्या हाती प्रत पडेल त्याला तो आपल्याच सभेचा कायदा वाटावा. गुलातिंगचे नाव पुसले गेले नाही, त्याची जागाही गेली नाही.

मजकूरही परका नव्हता. त्यातला बराच भाग गुलातिंग आणि फ्रोस्तातिंगच्या जुन्या कायद्यांतूनच घेतलेला होता. प्रस्तावनेत राजाची भूमिका अशी आहे की जुनी पुस्तके कुठे फार लांबलेली, कुठे अपुरी आणि एकमेकांशी न जुळणारी आहेत अशी शहाण्या माणसांची तक्रार होती. म्हणून त्याने जाणत्यांच्या सल्ल्याने लांबलेले आखडले आणि अपुरे भरून काढले. आणखी एक गोष्ट म्हणजे हा कायदा लॅटिनमध्ये नव्हता. सिसिलीत सम्राट फ्रेडरिक दुसरा याने १२३१ मध्ये आपल्या राज्याचा कायदा दिला तो लॅटिनमध्ये होता. मॅग्नसचे पुस्तक तिथल्या लोकांच्या बोलीत होते. सभेत वाचले की शेतकऱ्याला कळत होते. मध्ययुगात हाताने लिहिलेल्या याच्या चाळीसच्या आसपास पूर्ण किंवा जवळपास पूर्ण प्रती आजही शिल्लक आहेत. त्या काळातल्या एका पुस्तकासाठी हा आकडा मोठा आहे. पुस्तक वापरात होते, याचा तो पुरावा.

आता पुस्तकाच्या आत डोकावू. सभा कशी भरवावी, देशाचे रक्षण, माणसाच्या जिवाची आणि देहाची अभयता, वारसा, जमीन, कुळे, व्यापार, चोरी, अशी त्याची प्रकरणे आहेत. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली चोरीची. जुन्या काळच्या कुठल्याही कायद्यात चोरीची प्रकरणे कडक असतात आणि इथेही आहेत. पण त्यात एक वेगळे कलम आहे. ज्याला काम मिळत नाही आणि जो केवळ भुकेने मरू नये म्हणून खाण्याचे चोरतो, त्याला शिक्षा नाही. हजरत उमर यांनी दुष्काळाच्या वर्षी चोरीची शिक्षा थांबवली होती, ही हकिगत आपण मुस्लीम घरांत लहानपणापासून ऐकत आलो आहोत. दोन वेगळ्या मुलखांत, सहा शतकांच्या अंतराने, भुकेपुढे कायदा असा थबकलेला दिसतो. मी यात कुणाचे श्रेय कुणाला देत नाही. एवढेच म्हणतो की भुकेल्या चोराला कायदा काय देतो, ही त्या कायद्याच्या कसोटीची चांगली जागा आहे.

दुसरी न्यायाधीशाची. निवाडा कशाने बिघडतो हे पुस्तक स्पष्ट सांगते. भीती, लोभ, वैर आणि दोस्ती या चार गोष्टींनी. आणि निवाड्याच्या वेळी चार बहिणी हजर हव्यात असेही सांगते. दया, सत्य, न्याय आणि शांती या त्या चार बहिणी. ही कल्पना बायबलमधल्या एका स्तोत्रातून, म्हणजे आपण ज्याला जबूर म्हणतो त्यातून, आलेली आहे. दया असली की द्वेषाला जागा उरत नाही, सत्य असले की खोट्याला, न्याय असला की अन्यायाला आणि शांती असली की रागाला. ज्या मुलखात शंभर वर्षे गादीसाठी आणि त्याहून अधिक काळ सुडासाठी माणसे मारली गेली, तिथे हे शब्द कायद्याच्या पुस्तकात यावेत, हे काही साधे नाही. त्याच पुस्तकाने खून हा दोन घराण्यांमधला हिशेब न ठेवता राजाविरुद्ध आणि देवाविरुद्ध केलेला गुन्हा मानला. हाकोनने एका प्रांतासाठी सुरू केलेली दुरुस्ती आता सगळ्या देशाला लागू झाली.

तिसरी गोष्ट मुलींच्या वारशाची. ती थोडी सविस्तर सांगतो, कारण आपल्या वाचकांना ती चटकन जवळची वाटेल. जुन्या गुलातिंग कायद्यात वारसाहक्काची पहिली पायरी मुलाची होती. मुलगा असेल तर मुलगी त्या पायरीवर येतच नसे. मॅग्नसच्या कायद्याने मुलीला भावाबरोबर वारस केले आणि तिचा हिस्सा ठरवला मुलाच्या निम्मा. सूरह निसामधून आपल्याला माहीत असलेले तेच प्रमाण. पिढीजात जमीन आणि मुख्य वाडा मुलांकडे जाई, मुलींना लांबच्या जमिनी आणि जंगम मालमत्ता मिळे. शेजारच्या स्वीडनमध्येही साधारण याच काळात, बिर्गेर यार्लच्या कारभारात, मुलीला निम्मा हिस्सा दिला गेला.

सातव्या शतकातल्या अरबस्तानात काय किंवा तेराव्या शतकातल्या नॉर्वेत काय, ज्या मुलीला भाऊ असताना काहीच मिळत नव्हते तिला निम्मे मिळणे ही मोठी झेप होती. नॉर्वेने पुढे काय केले हेही पाहा. १८५४ मध्ये तिथे मुलीचा आणि मुलाचा हिस्सा समान झाला. निम्म्यावरून पूर्णावर यायला ५८० वर्षे लागली. पिढीजात शेतजमिनीवरचा थोरल्या मुलाचा अग्रहक्क तर १९७४ च्या कायद्याने काढला, मॅग्नसच्या पुस्तकानंतर बरोबर सातशे वर्षांनी. कायदा एक झाला म्हणून तो आपोआप न्याय्य झाला नाही. आणि एकदा झालेली सुधारणा शेवटची असते, असेही नाही. ज्याला दुरुस्त करणारा म्हणून गौरवले, त्याचे काम पुढच्यांनी पुन्हा दुरुस्त केले, यात त्याचा अपमान कुठे होतो?

आता त्या वगळलेल्या प्रकरणाकडे येऊ. नव्या पुस्तकात धर्माचे प्रकरण नावाला होते. श्रद्धेचा थोडक्यात उच्चार, राजा आणि बिशप दोघांची सत्ता देवाकडून येते असे विधान आणि गादीच्या वारसाचे नियम. लग्न, उपास, दफन यांबद्दल त्यात काही नव्हते. आर्चबिशप योनने आपला वेगळा धर्मकायदा तयार केला. १२७७ मध्ये तोन्सबर्ग इथे राजा आणि चर्च यांच्यात करार झाला. पाद्र्यांचे खटले, लग्न, मृत्युपत्रे, चर्चला द्यायचा दशांश कर यांसारख्या बाबी चर्चच्या न्यायालयात जाणार होत्या. बदल्यात गादीवर कोण बसावे यात बोलण्याचा दावा चर्चने जवळपास सोडला. म्हणजे ज्याला आपण एक कायदा म्हणतो, त्या कायद्याखालीही नॉर्वेतला माणूस लग्नासाठी एका न्यायालयात आणि जमिनीसाठी दुसऱ्या न्यायालयात जात होता.

हा करारही टिकला नाही. १२८० मध्ये बर्गनला मॅग्नस वारला. मुलगा एरिक अवघ्या बारा वर्षांचा होता आणि कारभार सरदारांच्या हाती गेला. त्यांनी चर्चचे हक्क मागे घेतले. आर्चबिशपला देश सोडावा लागला आणि १२८२ मध्ये तो स्वीडनमध्ये परागंदा अवस्थेत मेला. कुठला धर्मकायदा लागू, जुना की नवा, हा घोळ त्यानंतर कित्येक पिढ्या चालला. सोळाव्या शतकात सुधारणावादी चर्च आले आणि राजाच चर्चचा प्रमुख झाला, तेव्हाच तो प्रश्न संपला. संमती मिळाली होती ते चारशे वर्षे टिकले. सरदारांनी जोर करून जे मिटवायला घेतले ते मिटले नाही.

संमतीची दुसरी, कडवट बाजू पाहायची तर आइसलँडला जावे लागेल. या बेटावर राजा नव्हता. तिथल्या लोकांनी १२६२ ते १२६४ च्या दरम्यान नॉर्वेच्या राजाची सत्ता मान्य केली. मॅग्नसने १२७१ मध्ये तिथे एक कायदा पाठवला. तो ज्यांनी नेला त्यात स्तुर्ला थोर्दारसन होता, राजा हाकोनचे चरित्र लिहिणारा इतिहासकार. लोकांना तो कायदा पटला नाही, कारण त्यात नॉर्वेचे जास्त आणि आइसलँडचे कमी होते. म्हणून दुसरे पुस्तक तयार झाले. ते घेऊन आला योन एइनारसन, त्यामुळे त्याचे नाव पडले ‘योन्सबोक’, म्हणजे योनचे पुस्तक. त्याच्याबरोबर राजाचा दूत होता, लोदिन लेप.

हा लोदिन साधा माणूस नव्हता. राजा हाकोनची मुलगी क्रिस्तिना १२५८ मध्ये कास्तीलचा राजा अल्फोन्सो दहावा याच्या भावाला दिली, तेव्हा तिच्याबरोबर स्पेनला गेलेल्यांत तो होता. अल्फोन्सो हाही कायद्याचे मोठे पुस्तक तयार करवणारा राजा. पुढे १२६२ च्या सुमारास हाकोनने याच लोदिनला भेटीदाखल ससाणे देऊन ट्यूनिसच्या सुलतानाकडे पाठवले. म्हणजे बर्फाच्या देशातला हा माणूस मुस्लीम दरबार पाहून आलेला होता. सगळे जग एकमेकांपासून तुटलेले होते आणि आपण मात्र कुणीतरी वेगळे, ही आपली समजूत अशा एका माणसाच्या प्रवासाने ढासळते.

तर १२८१ मध्ये आइसलँडच्या सभेपुढे, आलथिंगपुढे, पुस्तक ठेवले गेले. लोकांनी ते वाचले आणि आक्षेपांच्या याद्या केल्या. बिशप आर्नी आणि पाद्र्यांची एक, राजाच्या माणसांची एक आणि शेतकऱ्यांची एक. लोदिन भडकला. कायदा करणे हे राजाचे काम, या गावंढळ शेतकऱ्यांनी त्यात तोंड घालावे म्हणजे काय, असा त्याचा सूर होता. आधी पुस्तक पूर्ण स्वीकारा, मग राजाकडे मेहरबानी मागा, असे त्याने बजावले. शेवटी बहुतेक पुस्तक मंजूर झाले.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. आइसलँडचे लोक तक्रार करत राहिले आणि १२९४, १३०५ आणि १३१४ मध्ये राजांना दुरुस्त्या द्याव्या लागल्या. हळूहळू हे पुस्तक त्यांचे इतके आपले झाले की त्यांची मुले त्यावर वाचायला शिकू लागली. त्यातली काही कलमे आजही आइसलँडच्या कायद्यात आहेत. फॅरो बेटांचेही तसेच. तिथे नॉर्वेचाच कायदा चालला, पण मेंढ्यांवर जगणाऱ्या त्या बेटांना तो पुरेना. मग १२९८ मध्ये त्यांच्यासाठी ‘मेंढीपत्र’ नावाची स्वतंत्र पुरवणी निघाली. कुणाची मेंढी कुणाच्या कुरणात गेली तर काय, हे बर्गनच्या दरबारात बसून ठरवता येत नाही, एवढे त्या राज्यकर्त्यांना कळत होते.

आता किंमत. लोदिनचा राग हा एका माणसाचा चढेलपणा नव्हता, बदललेल्या काळाची ती खूण होती. जुन्या तिंगमध्ये कायदा लोकांचा होता. राजा तो बदलायला सभेकडे येत असे. मॅग्नसही सभेकडेच गेला. पण त्याच्या पुस्तकानंतर राजाने नेमलेल्या कायद्याच्या जाणकार अधिकाऱ्यांचा निवाडा फिरवायचा अधिकार राजाकडे गेला. कायद्याचा मालक शेतकरी होता, तो हळूहळू फक्त कायदा पाळणारा झाला. देशाला सूडचक्रातून बाहेर काढल्याचा मोबदला म्हणून राजसत्तेने हे घेतले. फायद्याचा सौदा होता का? मी त्या काळचा सामान्य शेतकरी असतो, तर बहुधा हो म्हणालो असतो. चुलतभावाच्या गुन्ह्यासाठी माझा मुलगा मारला जाणार नाही, हे छोटे सुख नाही. पण काही गेलेच नाही, असे म्हणणे खोटे ठरेल.

पुढे आणखी काही गेले. चौदाव्या शतकाच्या शेवटी नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली आले. जुनी नॉर्स भाषा बदलली आणि दोन-तीनशे वर्षांत अशी वेळ आली की कायद्याचे पुस्तक डॅनिश अधिकाऱ्यांना वाचताच येईना. १६०४ मध्ये ख्रिस्तियान चौथ्याने त्याचे डॅनिश रूप छापले. त्यात भाषांतराच्या चुका होत्या. १६८७ मध्ये ख्रिस्तियान पाचव्याचा नवा कायदा आला आणि मॅग्नसच्या पुस्तकाचा कारभार संपला. सभेत वाचला की शेतकऱ्याला कळणारा कायदा शेवटी ज्यांच्या हाती होता त्यांनाच कळत नव्हता.

हे सगळे वाचून आपल्या वादासाठी तयार उत्तर मिळेल अशी कुणाची अपेक्षा असेल तर ती पुरी होणार नाही. नॉर्वे लहान देश, जवळपास एकाच धर्माचा, जवळपास एकाच भाषेचा. आपण तसे नाही. त्या किल्लीने आपले कुलूप उघडणार नाही. समान नागरी कायद्याला पाठिंबा देणाऱ्याने मॅग्नसला आपला साक्षीदार करू नये आणि विरोध करणाऱ्याने आर्चबिशप योनला. दोघेही त्या साक्षीला उभे राहणारे नाहीत.

पण प्रश्न कसा विचारावा, हे नॉर्वेकडून घेता येते. आपल्याकडे वाद रंगतो तो कायदा एक हवा की अनेक, यावर. त्या काळच्या सभांमधला शेतकरी वेगळे विचारत होता. या पुस्तकात काय लिहिले आहे? माझ्या भाषेत आहे का? माझ्या जुन्या कायद्यातले चांगले त्यात आले का? माझ्या मुलीला, भुकेल्या माणसाला, दुसऱ्याच्या गुन्ह्यात भरडल्या जाणाऱ्या नातलगाला त्यातून काय मिळते? आणि मंजुरी देण्याआधी ते माझ्यापुढे कुणी वाचून दाखवणार आहे का, की थेट हुकूम येणार आहे?

धार्मिक अल्पसंख्य म्हणून आपण या प्रश्नांपैकी शेवटचाच जोरात विचारतो आणि तो विचारायलाच हवा. पण मुलीच्या हिश्श्याचा प्रश्न आपण तितक्याच जोरात विचारला नाही, तर संमतीची आपली मागणी अर्धीच राहते. कारण जिची संमती घ्यायची त्यात ती मुलगीही येते. तेराव्या शतकातल्या त्या चार सभांमध्ये तिला बसायला जागा नव्हती. आपल्या सभेत ती आज बसू शकते. तिला बोलू द्यायचे की नाही, हे कुठल्या राजावर अवलंबून नाही, आपल्यावर आहे.